एक तळे, तीन थर : माशांची अन्नवाटणी व वऱ्हाडातील मिश्र मत्स्यसंवर्धन

मृग नक्षत्राचा पाऊस पडून गेला, ओढेनाले वाहू लागले व गावतळ्यात पाणी साचू लागले की मत्स्यबीज आणण्याची लगबग सुरू होते. पाझर तलावाचा ठेका घेतलेली सहकारी संस्था असो, गावतळ्यावर पोट असलेली भोई कुटुंबे असोत किंवा नव्याने शेततळे खोदलेला शेतकरी असो, प्रत्येकापुढे एकच प्रश्न उभा राहतो : तळ्यात कोणता मासा सोडावा? पुष्कळ ठिकाणी याचे उत्तर बाजाराकडे पाहून दिले जाते. ज्या माशाला भाव अधिक, त्याचेच बीज तळ्यात सोडले जाते. माघ-फाल्गुनात जाळे ओढले की मासे लहान निघतात, आणि दोष पाण्याला, बीजाला अथवा दैवाला दिला जातो. वस्तुतः दोष बहुधा निवडीत असतो. तळ्यातील अन्न अनेक प्रकारचे असते. खाणारा मात्र एकाच प्रकारचा सोडलेला असतो.

एकमेकांशी साम्य असलेले मासे एकाच पाण्यात कसे नांदतात, त्यांच्यातील स्पर्धा कशाने कमी होते व कशाने वाढते, आणि या ज्ञानाचा अमरावती व अकोला जिल्ह्यांतील तळ्यांत कसा उपयोग करावा, हे या पाठात पाहावयाचे आहे.

शेतातील उदाहरण

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हे तत्त्व नवीन नाही. कपाशीच्या काही ओळींनंतर तो तुरीचे तास घालतो आणि कपाशीच्या ओळींत मूग किंवा उडीद घेतो. मूग-उडदाची मुळे वरच्या थरात राहतात व ही पिके दोन-अडीच महिन्यांत निघून जातात. तुरीचे सोटमूळ खोल जाते व कपाशीला पाण्याची ओढ लागते त्या काळातही ते खालच्या थरातील ओल घेऊ शकते. शिवाय ही डाळवर्गीय पिके हवेतील नत्र मुळांवरील गाठींत साठवितात. एकाच शेतात तीन पिके उभी असली, तरी त्यांची मागणी एकाच वेळी व एकाच थरावर पडत नाही. याउलट कपाशीच्या दोन ओळींमध्ये आणखी एक कपाशीची ओळ दाटीने घातली, तर तिन्ही ओळी खुरटतात.

जे शेतात घडते तेच तळ्यात घडते. फरक इतकाच की, शेताचे थर नांगराने उलगडून पाहता येतात. पाण्याचे थर डोळ्यांना दिसत नाहीत.

निसर्गाचा नियम

गॉझ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्को येथे सूक्ष्म जलजीवांवर प्रयोग करून १९३४ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. एकाच प्रकारचे अन्न खाणाऱ्या दोन जाती त्याने एका नळीत वाढविल्या, तेव्हा काही दिवसांनी एक जात टिकली व दुसरी नाहीशी झाली. नंतर त्याने जोडी बदलली. या वेळी दोन्ही जाती टिकून राहिल्या. बारकाईने पाहता असे आढळले की, एक जात वरच्या पाण्यात तरंगणाऱ्या जीवाणूंवर जगत होती आणि दुसरी तळाशी बसलेल्या किण्वावर. नळी एकच, पाणी एकच; पण अन्न व जागा यांची वाटणी झाल्यामुळे दोघींचाही निर्वाह झाला.

समुद्रातही हीच व्यवस्था दिसते. कोकणच्या किनाऱ्यावर तारली व बांगडा या दोन्ही माशांचे थवे वरच्या पाण्यात फिरतात. परंतु तारलीचा भर अतिसूक्ष्म वनस्पतींवर असतो, तर बांगड्याचा भर सूक्ष्म प्राण्यांवर. घोळ व ढोमा हे तळाजवळ चरणारे मासे. तेथील झिंगे व लहान मासे हे त्यांचे भक्ष्य. सुरमई ही वरच्या पाण्यातील लहान माशांच्या मागे लागणारी शिकारी. एकाच गावच्या होड्या हे सर्व मासे आणतात; पण पाण्याखाली त्यांची ताटे वेगवेगळी असतात.

सातपुड्याच्या ओढ्यांतही दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या, वरच्या पाण्यात पडलेले किडे टिपणारे लहान चपळ मासे व वाळूत तोंड खुपसणारे मासे शेजारी शेजारी राहतात. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा त्याने शास्त्रीय नावातही ‘मळ्या’ हेच लोकांच्या तोंडचे नाव ठेवले. मासेमाराची नजर शास्त्रज्ञाच्याही उपयोगी पडली, याचे हे उदाहरण होय.

समुद्र व नदी येथील ही वाटणी फार दीर्घ काळात आपोआप घडून आलेली आहे. तळ्याचे तसे नाही. तळ्यात कोणते मासे एकत्र राहावयाचे हे बीज सोडणारा माणूस ठरवितो. म्हणून वाटणीची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

तोंडावरून ओळख

कटला, रोहू व मृगळ हे तीन मासे मूळचे गंगेसारख्या उत्तरेकडील मोठ्या नद्यांतील. तेथून त्यांचे बीज देशभर नेण्यात आले. तिघेही एकाच कुळातील, खवल्यांचे व जलद वाढणारे आहेत. तरीही त्यांची तोंडे न्याहाळली तर त्यांच्या अन्नाचा उलगडा होतो. कार्यकर्त्याने तिन्ही मासे परातीत शेजारी शेजारी ठेवून शेतकऱ्यांना पुढील फरक प्रत्यक्ष दाखवावा.

कटला : डोके मोठे, तोंड रुंद व वरच्या बाजूस वळलेले. मिशा नसतात. हा पृष्ठभागाजवळ फिरतो व पाण्यातील सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणिप्लवंग, गाळून खातो. त्याच्या कल्ल्यांतील दाट तंतू चाळणीसारखे काम करतात.

रोहू : तोंड किंचित खाली वळलेले, ओठ जाड व झालरीसारखे. हा मधल्या थरात राहतो. शेवाळ, वनस्पतींचे कुजणारे भाग व पाण्यातील काड्या-दगडांवर जमलेले मऊ थर तो खरवडून खातो.

मृगळ : शरीर निमुळते व चंदेरी, तोंड खालच्या बाजूस, ओठ पातळ. हा तळाशी चरतो. गाळात मिसळलेले कुजके सेंद्रिय पदार्थ हे त्याचे मुख्य अन्न.

रोहू व मृगळ यांचे आतडे कटल्यापेक्षा पुष्कळ लांब असते. गवत खाणाऱ्या गाईचे आतडे मांस खाणाऱ्या वाघापेक्षा लांब असते, त्यातलाच हा प्रकार. वनस्पतिज अन्न पचावयास वेळ लागतो.

यावरून स्पष्ट होईल की, तळ्यात केवळ कटला सोडला तर मधला थर व तळ रिकामा राहतो. केवळ मृगळ सोडला तर पृष्ठभागावरील प्लवंग वाया जाते. तिघे एकत्र असले म्हणजे तळ्याचे तिन्ही मजले उपयोगात येतात. याच पद्धतीस मिश्र मत्स्यसंवर्धन म्हणतात.

निवड शेतकऱ्याच्या हाती कशी आली

एके काळी या माशांचे बीज पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करावे लागे. त्यात कोणत्या जातीचे बीज किती व शिकारी माशांचे किती, हे सोडणाऱ्याला नीट कळत नसे. या जाती साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत, ही मोठी अडचण होती. डॉ. हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांनी ओरिसातील अंगुल येथे १० जुलै १९५७ रोजी पियूषिका ग्रंथीचे टोचण देऊन या वर्गातील माशांचे यशस्वी प्रजनन केले. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या शोधामुळे प्रत्येक जातीचे शुद्ध बीज स्वतंत्रपणे मिळू लागले व तळ्यातील वाटणीचे प्रमाण ठरविणे शक्य झाले. पुढे १९७१ साली मिश्र मत्स्यसंवर्धनाचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला.

जो शेतकरी आज ‘मिळेल ते मिसळ बीज’ विकत घेतो, तो या शोधापूर्वीच्या काळात परत जातो, असेच म्हणावे लागेल. बीज घेताना जातवार वेगळे मोजून मागावे. बोटुकली काचेच्या बरणीत धरून कटल्याचे मोठे डोके व मृगळाचे निमुळते अंग पाहून घ्यावे.

पाहुणे मासे व भांडणाची जागा

वरील तिघांच्या जोडीला आणखी तीन मासे सोडण्याची प्रथा पडली आहे : चंदेरा, गवत्या व सायप्रिनस. चंदेरा व गवत्या १९५९ साली भारतात आणले गेले. सायप्रिनसची जलद वाढणारी जात १९५७ साली बँकॉकहून आली.

गवत्या पाणवनस्पती खातो. हे अन्न इतर पाच जणांपैकी कोणी फारसे घेत नाही. म्हणून त्याचे कोणाशी भांडण होत नाही. उलट त्याच्या अर्धवट पचलेल्या विष्ठेमुळे तळाशी चरणाऱ्या माशांना अन्न व पाण्याला खत मिळते. एकाचे उष्टे दुसऱ्याचे ताट ठरते. परंतु तळ्यात पाणवनस्पती नसतील, तर बांधावरील गवत किंवा बरसीम-लसूणघास कापून टाकण्याची तयारी ठेवूनच तो सोडावा.

चंदेरा पृष्ठभागावर राहतो व मुख्यतः सूक्ष्म वनस्पती गाळून खातो. कटल्याचा भर सूक्ष्म प्राण्यांवर. कागदावर ही वाटणी नीट दिसते; पण अन्न कमी पडले की दोघांचे ताट एक होते. शिवाय सूक्ष्म प्राणी स्वतः सूक्ष्म वनस्पतींवर जगतात. चंदेऱ्याने वनस्पती फस्त केल्या, तर कटल्याच्या अन्नाचे मूळच तुटते. भाक्रा धरणाच्या गोविंदसागर जलाशयात १९७१ साली चंदेरा अपघाताने शिरला. पुढे तो तेथे इतका वाढला की पकडीत त्याचेच प्राबल्य झाले व कटला मागे पडला. यापासून घ्यावयाचा धडा असा की, चंदेरा सोडावयाचाच असेल तर त्याची संख्या कटल्याच्या वाट्यातून वजा करावी. कटल्याचा पूर्ण वाटा सोडून वर चंदेऱ्याची भर घालू नये.

सायप्रिनस तळाशी चरतो. म्हणून त्याची गाठ मृगळाशी पडते. तो चिखल उकरतो व त्यामुळे पाणी गढूळ होते. मातीचे बांधही तो पोखरतो. तो साठलेल्या पाण्यातच अंडी घालीत असल्याने तळ्यात पिलांची गर्दी होण्याचा संभव असतो. वऱ्हाडच्या काळ्या मातीच्या तळ्यांत, जेथे पाणी आधीच गढूळ असते, तेथे सायप्रिनस बेतानेच सोडावा. आणि जितका सोडावा तितका मृगळ कमी करावा.

नियम थोडक्यात असा : नवा मासा आणताना ‘याला भाव काय’ याबरोबरच ‘हा कोणाच्या ताटात जेवणार’ हे विचारावे.

बालपणी वाटणी नसते

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वर सांगितलेली अन्नाची वाटणी मोठ्या माशांची आहे. अंड्यातून नुकतेच निघालेले मत्स्यजिरे कटल्याचे असो, रोहूचे असो वा मृगळाचे, सुरुवातीला तिघेही सूक्ष्म प्राणीच खातात. तोंडाचा व आतड्याचा विकास होत जातो, तसतशी त्यांची आवड भिन्न होत जाते. म्हणजे बालवयात तिघेही एकमेकांचे स्पर्धक असतात.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली : मत्स्यजिरे थेट मोठ्या तळ्यात सोडू नये, ते लहान संगोपन तळ्यात, शक्यतो जातवार वेगळे, वाढवावे. दुसरी : तळ्यात सोडताना बोटाएवढी, म्हणजे आठ-दहा सेंटिमीटरची बोटुकली निवडावी. या आकाराला वाटणी सुरू झालेली असते व लहानसहान शत्रूंपासून बचावही होतो. जिरे स्वस्त मिळते म्हणून हजारोंनी सोडणारा शेतकरी वस्तुतः बेडूक, पाणकिडे व शिकारी मासे यांनाच पोसतो.

पाणी आटले की थर मोडतात

वऱ्हाडातील तळ्यांची खरी अडचण येथे आहे. भंडारा-गोंदियाकडे जुन्या मालगुजारी तलावांची परंपरा आहे. तशी अमरावती-अकोल्याकडे नाही. येथे ऊर्ध्व वर्धा, काटेपूर्णा, वान यांसारखे जलाशय सोडले, तर बहुतेक पाणी गावतळी, पाझर तलाव व शेततळी यांत असते. ते पावसाळ्यात भरते व उन्हाळ्यापूर्वी झपाट्याने उतरते. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत व कधी त्याहूनही वर जातो.

दोन-अडीच मीटर खोल पाण्यात वर, मध्ये व तळाशी असे तीन थर असतात. तेच पाणी होळीच्या सुमारास कमरेइतके उरले, म्हणजे ‘मधला थर’ हा शब्दच उरत नाही. रोहूला आपली जागा राहत नाही; कटला चिखलाच्या जवळ येतो; मृगळाने उकरलेला गाळ सगळ्यांच्या कल्ल्यांत जातो. जे मासे दिवाळीपर्यंत शेजारी होते, ते फाल्गुनात प्रतिस्पर्धी होतात. पुढे त्यांची वाढ थांबते आणि पाणी आणखी तापले की मर सुरू होते.

म्हणून येथील मत्स्यशेतकऱ्याने हे पक्के ध्यानात ठेवावे की, माशांची वाटणी त्यांच्या तोंडाने ठरते, पण ती टिकते पाण्याच्या खोलीने. जोवर थर आहेत, तोवरच मिश्र संवर्धनाचा लाभ आहे. पाणी दीड मीटरच्या खाली जाऊ लागताच मोठे मासे काढून विकण्यास सुरुवात करावी. काढणी टप्प्याटप्प्याने केल्यास उरलेल्यांना जागा व अन्न मिळते आणि बाजारात एकदम माल पडून भाव कोसळत नाही. ‘आणखी महिनाभर ठेवले तर वजन वाढेल’ ही आशा आटत्या तळ्यात बहुधा फसवी ठरते.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात दुसरे एक कारण आहे. तेथील पाणी आटत जाते तसे उरलेल्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण वाढत जाते. तेथील शेततळ्यांत पावसाचे गोडे पाणी भरलेले असले, तरी उन्हाळ्याच्या तोंडाशी मासे ठेवून राहणे धोक्याचे होय.

गढूळ पाण्याचा प्रश्न

काळ्या मातीचे सूक्ष्म कण पाण्यात पुष्कळ दिवस तरंगत राहतात. खारपाणपट्ट्यातील जमिनीत सोडियम अधिक असल्याने तेथे हा त्रास जास्त असतो. गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश शिरत नाही. प्रकाशावाचून सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत. त्यांच्यावाचून सूक्ष्म प्राणी वाढत नाहीत. परिणामी वरचा मजला ओस पडतो व कटला उपाशी राहतो.

याची परीक्षा सोपी आहे. सकाळी ऊन आल्यावर हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून पंजा पाहावा. पाणी हिरवट असून कोपर बुडता बुडता पंजा दिसेनासा झाला, तर प्लवंग चांगले आहे. पाणी मातकट असून मनगटाशीच पंजा दिसेनासा झाला, तर तो गढूळपणा होय. पंजा स्पष्ट दिसत राहिला, तर पाण्यात अन्न नाही व खत देण्याची गरज आहे.

गढूळपणा कमी करण्यास तळ्यात येणारे पाणी गवताच्या पट्ट्यावरून आणावे व बांधाच्या उतारावर गवत लावावे. जिप्समच्या वापराने मातीचे कण खाली बसण्यास मदत होते. त्याचे प्रमाण पाणी तपासून जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाच्या सल्ल्याने ठरवावे. येथील माती बहुधा चुनखडीयुक्त असल्याने इतर प्रदेशांचे पाहून सरसकट चुना टाकू नये. आधी पाण्याचा सामू तपासावा.

किती बीज सोडावे

सर्वसाधारणपणे एक हेक्टर पाण्याला ५,००० बोटुकली पुरेशी होते. तीन जातींचे प्रमाण कटला ४०, रोहू ३० व मृगळ ३० असे शेकडा ठेवावे. म्हणजे एक हेक्टर गावतळ्यात कटला २,०००, रोहू १,५०० व मृगळ १,५०० सोडावा.

तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद शेततळ्याचे क्षेत्र ९०० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा नऊ-शतांश भाग होते. त्यात ४५० बोटुकली बसते : कटला १८०, रोहू १३५, मृगळ १३५. मात्र शेततळ्याच्या बाजू उताराच्या असल्याने पाणी उतरताच त्याचे क्षेत्र पुष्कळ कमी होते. म्हणून भरलेल्या तळ्यावरून हिशेब न करता दिवाळीनंतर जेवढे पाणी राहते, त्यावरून संख्या ठरविणे शहाणपणाचे.

हे प्रमाण म्हणजे वेदवाक्य नव्हे. तळे पाहून त्यात फेरफार करावा :

१. तळे उथळ असेल तर रोहूचे प्रमाण घटवावे, कारण मधला थर अपुरा असतो.

२. जुने, गाळ व कुजकट पदार्थ भरपूर असलेले तळे मृगळास अनुकूल असते.

३. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात तळाला माती नसते; तेथे मृगळास नैसर्गिक अन्न मिळत नाही. बाहेरून खाद्य देण्याची तयारी नसेल, तर तेथे मृगळ कमी करावा व एकूण संख्याही घटवावी.

४. सतत गढूळ राहणाऱ्या तळ्यात पाणी निवळल्यावाचून कटला वाढविण्याचा हट्ट धरू नये.

घुसखोरांचा बंदोबस्त

मरळ, शिवडा, शिंगाडा व मांगूर हे मांसाहारी मासे वाटणी मानीत नाहीत. ते वाटेकऱ्यालाच खातात. तळे कोरडे पडले तरी मरळ व मांगूर ओल्या चिखलात तग धरून राहतात. म्हणून उन्हाळ्यात तळे पूर्ण वाळवून तळ नांगरावा. ज्या तळ्याचे पाणी काढता येत नाही, तेथे मोहाची पेंड हेक्टरी सुमारे २,५०० किलो, पाण्याची सरासरी खोली एक मीटर धरून, वापरतात व त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी बीज सोडतात. जनावरांना किंवा माणसांना पिण्यासाठी लागणाऱ्या पाण्यात मात्र हा उपाय करू नये. पाण्याच्या आवकेवर व सांडव्यावर बारीक जाळी बसवावी. आफ्रिकी जातीच्या, बाजारात ‘थाई मांगूर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशाच्या संवर्धनास बंदी आहे. त्याचे बीज कोणी देऊ केले तरी घेऊ नये.

खत व खाद्य

शेणखत हे वऱ्हाडातील तळ्याचे उत्तम खत होय. ते एकदम न टाकता दर पंधरवड्यास थोडे थोडे द्यावे व हाताची परीक्षा घेऊन कमी-अधिक करावे. पूरक खाद्य म्हणून शेंगदाण्याची ढेप व भाताचा कोंडा समभाग भिजवून माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा दोन ते तीन या मानाने रोज द्यावा. उदाहरणार्थ, तळ्यात अडीचशे ग्रॅमचे चारशे मासे असतील, तर एकूण वजन शंभर किलो होते व रोज दोन ते तीन किलो खाद्य लागते. सर्व खाद्य एकाच जागी टाकल्यास धीट मासे ते संपवितात. म्हणून काही खाद्य भोके पाडलेल्या पोत्यात घालून पाण्यात मधल्या उंचीवर टांगावे व काही तळाजवळ टोपलीत ठेवावे. वाटणी निसर्गाने केलेली असली, तरी वाढणाऱ्यानेही पंगतीचे भान ठेवावयास हवे.

पहाटेची खूण

पहाटे तळ्यावर जाण्याची सवय ठेवावी. कटला, रोहू व मृगळ तिघेही पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले, तर पाण्यातील प्राणवायू कमी झाला आहे असे समजावे. तळाचा मासा वर येणे ही थर मोडल्याची उघड खूण आहे. अशा वेळी खत व खाद्य तत्काळ थांबवावे, ताजे पाणी सोडावे, पंपाने पाणी उंचावरून तळ्यातच पाडावे किंवा काठ्यांनी पाणी ढवळावे. ढगाळ हवामानात व पाणी उतरलेले असताना ही खबरदारी विशेष घ्यावी.

दर महिन्यास फेकजाळे टाकून प्रत्येक जातीचे काही मासे वजन करावेत व वहीत टिपावेत. एखादी जात मागे पडत असेल, तर तिचा थर का रिकामा पडला याचा शोध घ्यावा. कटला मागे पडला तर प्लवंग पाहावे. मृगळ मागे पडला तर तळ व सायप्रिनसची गर्दी पाहावी. रोहू मागे पडला तर पाण्याची खोली मोजावी.

गावकार्यकर्त्यांसाठी

तळ्यावर उपजीविका करणाऱ्या भोई व ढिवर कुटुंबांना कोणता मासा कोठे चरतो याची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती असते. कार्यकर्त्याने प्रथम ती ऐकून घ्यावी व मगच पुस्तकी माहिती सांगावी. जाळ्याचा कोणता भाग तळाला घासत न्यावा हे ज्याला कळते, त्याला थरांची कल्पना समजावून सांगण्यास वेळ लागत नाही. संस्थेने ठेक्याची रक्कम आधीच भरलेली असते. चुकीच्या बीजाने गेलेला हंगाम परत मिळत नाही आणि त्याची झळ वर्षभर घरोघर पोहोचते. म्हणून बीज सोडण्यापूर्वीच्या सभेस कार्यकर्त्याने अवश्य हजर राहावे व गावकऱ्यांपुढे पुढील प्रश्न ठेवावेत :

१. आपल्या तळ्यात पोळ्याला, दिवाळीला, संक्रांतीला व होळीला पाणी किती खोल असते?

२. पाणी हिरवट असते की मातकट?

३. तळाला गाळ आहे, मुरूम आहे की प्लास्टिक?

४. गेल्या वर्षी कोणती जात वाढली व कोणती खुरटली?

५. बीज जातवार मोजून मिळेल अशी व्यवस्था झाली आहे काय?

या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली की कोणत्या माशाचा वाटा किती, हे गावकऱ्यांना स्वतःच ठरविता येते.

सारांश

सारखे दिसणारे मासे अन्न, जागा व वय यांच्या भेदाने एकत्र नांदतात. तोंड पाहून थर ओळखावा, थर पाहून प्रमाण ठरवावे, बोटुकली सोडावी आणि पाणी आटून थर मोडण्यापूर्वी काढणी करावी. कपाशीत तुरीचे तास घालणाऱ्या शेतकऱ्याने हेच शहाणपण पाण्यात उतरवले, तर तेच तळे व तेच पाणी त्याला अधिक मासे देईल.